फेब्रोनीची जमीन

कोल्वेझीत आमच्या गल्लीला नाव नाही.
आम्ही तिला पोकळ गल्ली म्हणतो,
कारण रात्री आडवं झालं की उशीखालून
शेजाऱ्याच्या पहारीचा ठोका ऐकू येतो.

सुरुवात काझादीने केली. संडासाचा खड्डा खणताना
त्याला काळा दगड लागला, एका कडेला निळी झाक.
व्यापाऱ्याने तो हातात तोलला, बोलला काहीच नाही,
फक्त टेबलावरचा पंखा काझादीच्या दिशेने फिरवला.
महिन्याभरात घरोघरी पलंग सरकले.
पलंगाखाली भोक, भोकात दोर, दोराला नवरा.

मीही खणलं. लपवत नाही.
अठरा मीटर खाली, कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात,
पोत्यामागून पोतं भरलं.
पोत्यांचा फोन झाला, मोटरसायकल झाली,
पोरीच्या बाप्तिस्म्याला पांढरे बूट झाले.
देवाचे आभारही मानले,
मोठ्याने, पहिल्या बाकावरून.

मामा फेब्रोनीचा पलंग तेवढा सरकला नाही.
तिच्याकडे पलंगच नव्हता.
चटई, तीन भांडी, खिळ्याला क्रूस,
आणि जमीन, लाल मातीची.
दर शनिवारी ओल्या फडक्याने
लेकराचं तोंड पुसावं तशी ती पुसायची.

व्यापारी तिसऱ्यांदा आला तेव्हा मी दुभाषा होतो.
त्याने कागदावर आकडा लिहिला,
बोटाने शून्यं मोजून दाखवली.
तिने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.
म्हणाली, 'हा मी ठेवू का? रविवारच्या वर्गात
पोरांना चित्रं काढायला कागद पुरत नाहीत.'

तो गेल्यावर मी तिला समजावलं. मामा,
तुझ्या पायाखाली संपत्ती आहे
आणि तू मिठाशी मक्याचा गोळा खातेस.
ती हसली नाही, रागावलीही नाही.
'प्रभू म्हणाला, घर खडकावर बांधा.
नंतर खडक विका, असं म्हणाल्याचं आठवत नाही.
तुला वाचता येतं. तू बघ.'

मी बघितलं नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी, पहाटे तीनला, गल्ली बसली.
आवाज मोठा नव्हता,
जेवून उठताना म्हातारं माणूस कण्हतं, तेवढाच.
काझादीचं घर, मग न्गोईचं, मग माझं,
भिंती उभ्याच्या उभ्या खाली गेल्या.
मोटरसायकलीचा आरसा वर राहिला, आभाळ दाखवत.
पोरगी तापली होती, तिला घेऊन आम्ही दवाखान्यात होतो,
म्हणून वाचलो.
काझादीच्या दोराचं टोक सापडलं.

दुसऱ्या रात्री फेब्रोनीच्या जमिनीवर
आम्ही एकेचाळीस माणसं झोपलो,
कुणाचं डोकं कुणाच्या पायाशी, न्गोई तर दारात बसूनच.
तिने एका टोपात सगळ्यांचं रांधलं.
चमत्कार झाला नाही. पुरलं नाही.
प्रत्येकाला दीड घास आला, तिला तोही नाही.
'सांगत होते ना' हे शब्द
मी तिच्या तोंडून ऐकायची वाट पाहत होतो,
ते आले असते तर मला बरं वाटलं असतं.
तिने प्रार्थनेत खाली राहिलेल्यांची नावं घेतली,
एकेक, सावकाश. शेवटी व्यापाऱ्याचंही घेतलं.
ते मला आवडलं नाही. अजून आवडत नाही.

झोप लागेना. सवयीने मी कान जमिनीला लावला.
ठोका नाही. खाली सगळं जागच्या जागी होतं,
कुणी न हलवलेलं,
आणि वर माझी पोरगी, अनवाणी,
ताप उतरताना घामाने चिंब.

क्रूसाखाली तो कागद डकवलेला होता.
कुणा पोराने त्यावर होडी काढली होती,
होडीत मावणार नाहीत इतकी माणसं.
मागे खिडकीतून उजाडत होतं की कंदील होता, आठवत नाही,
पण मागच्या बाजूचा आकडा होडीतून आरपार दिसत होता,
उलटा, शून्यं सगळी आधी आलेली.
मी बराच वेळ प्रयत्न केला.
तो किती होता, मला वाचता आलं नाही.