शंभर आकडे

मगदूमांच्या फाउंड्रीतला बोर्ड
तिसऱ्यांदा आला, सिमेंटच्या पिशवीत गुंडाळून.
रेग्युलेटर मेलेला. पोटावर तपकिरी डाग,
आणि तो वास,
जो माझ्या ओढणीतून रविवारीसुद्धा जात नाही.

मी दोनदा नवा घातला होता.
दोनदा मीटरवर बारा व्होल्ट, अगदी सरळ.
दोनदा बिल फाडलं.
"मेलं कोण ते काय बघतीस," दस्तगीरमामा म्हणाले,
"मारलं कुणी ते बघ की."

रमजानचे दिवस. उद्यमनगरात दुपारपासून लाइट नाही.
लेथ गप्प, कॉम्प्रेसर गप्प,
गल्लीत कुणाचा तरी खोकला ऐकू येईल इतकं गप्प.
मामांनी बोर्ड दाराच्या उजेडात धरला, भिंग लावलं.
रेग्युलेटरच्या पुढं, आउटपुटला,
कुणीतरी मनगटाएवढा कपॅसिटर जोडलेला.
डिस्प्लेवरचे आकडे हलतात म्हणून,
मिळाला तेवढा मोठा.

"हे रिकामं भांडं. लाइट आली की
पहिल्या क्षणालाच सगळं मागतंय.
आणि आणून द्यायचं कुणी? ह्या तीन पायांच्या पोरानं.
लाइट गेली, की प्यालेलं सगळं
उलटं त्याच्याच छातीतनं परत."

बांग झाली.
मामांनी एक खजूर घेतला,
अर्धा चावला, थांबले.
पाण्याचा एक घोट. पुन्हा थांबले.
पहाटेपासून रिकामा माणूस,
आणि भज्यांच्या ताटाकडे बघतसुद्धा नव्हता.
मी गार सोल्डरिंग आयर्न हातात धरून
बघत राहिले.

लाइट आल्यावर मोठा कपॅसिटर काढला,
रेग्युलेटरच्या अलीकडं बसवला,
पलीकडं एक इवलासा.
येणाऱ्या वाटेवर थर्मिस्टर, काळी टिकली:
गार असतो तोवर अडवतो,
तापला की बाजूला सरतो.
उलट येणाऱ्यासाठी एक डायोड, रेग्युलेटरला वळसा घालून.

थर्मिस्टर बारा, डायोड एक.
मगदूम म्हणाले, "तेरा रुपयांचं दुखणं व्हय हे?
मग आदीची दोन बिलं कशाची?"
मी पावतीपुस्तकात बघत म्हटलं,
"माझ्या फीची."

बोर्ड दीड महिना चालला.
मग एका रात्रपाळीला लाइट गेली
नि दहा मोजायच्या आत आली.
थर्मिस्टर अजून तापलेलाच,
त्यानं कुणालाच अडवलं नाही.
चौथ्यांदा पिशवी.
रेग्युलेटर जिवंत, ह्या खेपेला ब्रिज गेलेला.

ह्याच्यावर मामांच्या डब्यात पार्ट नव्हता.
म्हणजे असेल कुठं, पुण्याबिण्यात, रिलेवाला,
पण मगदूम तेवढे पैसे सोडणार नव्हते.
मामांनी ऑइलपेंटचा डबा पुढं सारला.
मी पत्र्यावर लिहिलं:
लाइट गेली की बटण बंद.
आली तरी शंभर आकडे मोजा.

आता भट्टीवरचा सातापा
अंधारात बटणाशी उभा राहतो,
लाइट येते, सगळी गल्ली एकदम गुरगुरते,
आणि हा मोठ्यानं मोजत असतो.
साठाच्या पुढं चुकतो,
पुन्हा पन्नासावर येतो.
चालतंय.