कांदा आणि सात पिसं

उपवासकाळाच्या पहिल्या सोमवारी
मी तुळईला कांदा टांगते
कोंबडीची सात पिसं खोचून.
दारातून वारा आला की तो गिरकी घेतो
आणि नातवंडं मसुराच्या ताटाशी गप्प होतात:
म्हातारबा बघतोय,
दुधाचा थेंब चाखाल तर खबरदार.
दर रविवारी एक पीस उपटायचं.
लोरीच्या डोंगरातली आम्ही अर्मेनी माणसं
चाळीस दिवस असेच मोजतो.
बोटांवर मोजलं तर थंडीनं हुकतं.

देवळात तू पडद्याआड गेलास.
कालपर्यंत वेदी दिसायची, मेणबत्त्या,
आईच्या मांडीवरचा रंग उडालेला तू.
आता नुसतं काळं कापड,
खालच्या कडेला उंदरानं कुरतडलेलं.
पाद्री मेस्रोप म्हणाले,
आदामाला बागेबाहेर काढलं, त्याची ही आठवण.
मी विचारलं, बाबा,
आत कुणी आहे एवढं तरी नक्की ना?
ते खोकले.
दमा आहे त्यांना.

तिसऱ्या रविवारी उधळ्या पुत्राची गोष्ट.
दरवर्षी ऐकते. दरवर्षी माना माझ्याकडे वळतात.
पण माझा अर्शावीर उधळ्या नाही, प्रभू.
साराटोवला विटा रचतो,
महिन्याच्या महिन्याला पैसे धाडतो.
डुकरांच्या शेंगा खाऊन शुद्धीवर यायला
त्याची शुद्ध कधी हरपलीच नव्हती.
फक्त येत नाही.
सहा वर्षं.
त्या गोष्टीतला बाप लांबूनच ओळखतो, धावत सुटतो.
माझ्या गुडघ्यांना ते जमायचं नाही,
आधीच सांगून ठेवते.
आणि वासरू छपरापायी विकलं.

अर्धा उपवास सरला त्या बुधवारी
बिनखमिराची जाड पोळी भाजली, तेलावर.
आत एक नाणं; ज्याच्या वाट्याला येईल
त्याचं वर्ष बरं जातं.
सात वाटे केले:
सून श्नोरिक, नारे, होविक, मी,
शेजारची आंधळी वार्तुश,
एक गाईचा (तो आधी चाचपून पाहिला),
एक अर्शावीरचा, फडक्यात बांधून फळीवर.
सगळ्यांनी जपून चावलं.
कुणाच्या दाताला काही लागलं नाही.
होविक रडला.
मग बाबांच्या वाट्यात असेल, श्नोरिक म्हणाली
आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

रात्री मी फडकं सोडलं.
वाटा तळहातावर तोलून पाहिला.
मोडला की कळेल.
पण आठवेना.
मळता मळता फोन वाजला होता, परका नंबर,
हात पुसून उचलेपर्यंत बंद.
परत कणकेशी आले तेव्हा
नाणं घातलं का मी?
की ते झग्याच्या खिशातच राहिलं,
आणि खिशाला तर भोक आहे.

आता दोनच पिसं उरलीत.
वाटा दगडासारखा वाळलाय. मोडला नाही.
पडद्यालाही बोट लावलं नाही,
देवळात एकटी होते तरी.
हा विश्वास की भित्रेपणा, तूच ठरव.
मला पहाटे उठून गाय दोहायची असते
आणि दूध तोंडाला लावायचं नसतं.

झावळ्यांचा रविवार येईल.
झावळ्या कुठल्या इथे, वाळुंजाच्या डहाळ्या.
संध्याकाळी पाद्री बंद दाराशी गुडघे टेकतील,
आम्ही त्यांच्या मागे, ओल्या बुटांनी.
पडदा सरकेल. दिसलास तर बघेन.

फळीवरचं मात्र असू दे तसंच.
त्यात काय आहे
ते त्याच्या दातांना कळू दे.