पसंतीक्रम

यावलच्या ग्रामीण रुग्णालयात बाँडचे एकोणीस दिवस उरलेत
आणि पसंतीक्रम भरायला आज रात्री अकरा पंचावन्नपर्यंत.
लाइट गेलेली. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप,
लॅपटॉपच्या उजेडावर मागच्या केळीबागेतले सगळे किडे.

तबस्सुम पिंजारीचं ठरलंय, रेडिओलॉजी.
"थंड खोली, रात्रीची झोप. आणि तू?
तीन वर्षं मेडिसिन, मग पुन्हा परीक्षा,
मग तीन वर्षं न्यूरो, वर परत बाँड.
पाटी लागेल तेव्हा तुझेच हात थरथरत असतील."
तिचं गणित बरोबर आहे.
तिचं गणित नेहमीच बरोबर असतं.

माझ्या पर्समध्ये एक हॅमर असतो,
दुसऱ्या वर्षाला धुळ्यात दीडशे रुपयांना घेतलेला.
मे महिन्यात गाडीत राहून त्याचं रबर एका बाजूनं चिकट झालंय.
त्यानं मी सुपारीही फोडलीय. असो.

मार्चमधल्या एका मंगळवारी
रमजान सुपडू तडवीला आणलं, सकाळी सव्वादहाला.
पहाटे पाचला ट्रकमध्ये घड चढवताना पडला होता.
आधी नाकाला कांदा, मग चप्पल,
मग पायथ्याच्या पाड्यावरचा भगत, मग आम्ही.
साडेचार तासांची मुदत असते,
ती त्याच्या नातेवाइकांना कुणी कधी सांगितली होती?
मलाही बोटांवर मोजावी लागली.

उजवा हात लोंबकळत होता.
शब्द सगळे गेलेले, एक सोडून.
"बावीस."
पाणी हवं, बावीस. बायको कुठंय, बावीस?
मला शिवी दिली तीही बावीसच, फक्त जोरात.
मुकादमानं सांगितलं, घड मोजत होता,
बाविसाव्याला कोसळला.

मी त्याची भुवई, जीभ, तळपाय, सगळं पाहिलं
आणि मला कळलं, कुठं.
डावीकडे, कानशिलाच्या आत, बोटभर जागा.
संध्याकाळी जळगावच्या सीटीनं तेच सांगितलं
आणि मला आनंद झाला.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
त्याची बायको व्हरांड्यात बसली होती
आणि माझं उत्तर बरोबर आलं होतं.

पप्पांचं फैजपूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान.
रविवारी त्यांना विचारलं, काय करू?
त्यांनी जळक्या सबमर्सिबलवरून मान वर काढली नाही.
"फॉल्ट सापडला म्हंजे अर्धं काम."
आणि उरलेलं अर्धं?
"जळेल तांबं काढायचं, नवं भरायचं.
तुमी काय भरतात त्या जागी?"

काही नाही, मी म्हटलं. तिथं काहीच भरता येत नाही.
शेजारच्या तारा ते काम शिकतात, हळूहळू,
शिकल्या तर.

ते बराच वेळ व्हार्निशचा ब्रश फिरवत राहिले.
मग म्हणाले,
"शेजार चांगला पाह्यजे मंग."

अकरा एकोणचाळीस.
पहिल्या रकान्यात मेडिसिन, धुळे.
तबस्सुम फोनवर ओरडतेय, खालचे रकाने रिकामे सोडू नकोस,
म्हणून नागपूर, म्हणून मिरज, म्हणून आंबेजोगाई.
त्वचारोगाच्या ओळीवर बोट थोडं थांबलं,
खोटं कशाला बोलू.

गेल्या गुरुवारी रमजान तपासणीला आला होता.
पाय ओढत, पण स्वतःच्या पायांनी.
बायको सांगत होती, आता कधी कधी तेवीस म्हणतो.
मी म्हटलं, म्हण बरं.
तो माझ्याकडे पाहत राहिला, ओठ जुळवत,
कपाळावर घाम,
आणि म्हणाला, बावीस.
मी केसपेपरवर लिहिलं : नातेवाइकांच्या सांगण्यानुसार सुधारणा.

लॉकचं बटण दाबलंय.
पान गोल गोल फिरतंय.
बाहेर केळीचा ट्रक अंधारात मागं येतोय,
कुणीतरी पत्र्यावर थाप मारत ओरडतंय,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे अजून