उलटी अक्षरं

तांबट आळीत एक धोंडा आहे.
त्यावर हंडे घासतात, चिंच आणि राखेने.
फिकट पिवळा, गुळगुळीत,
इथल्या काळ्या दगडांत कुणाच्याच नात्याचा नाही.

तो अप्पय्या पेद्दिंटीचा.

अप्पय्या आला तो बापाच्या अस्थी घेऊन,
गोदावरी समुद्राला मिळते तिथून,
बैलगाडीने, पायी, शेवटी आगगाडीने.
रामकुंडात त्याने फडकं सोडलं आणि पाहत राहिला :
बाप निघाला पुन्हा गावाच्याच दिशेने.
हा मात्र राहिला.
त्याच्या गावी या नदीचा पैलतीर दिसत नसे.
इथे लोक धोतर जरा वर धरून
तिला ओलांडत होते.
महिन्याभराने पहिल्यांदा त्याला हसू आलं म्हणे.

मराठी तो शिकला शिळाछापाच्या दगडावर,
म्हणजे आरशातली, उजवीकडून डावीकडे,
वेलांट्या पाठमोऱ्या.
छापील कागद वाचताना अडखळायचा,
दगड मात्र घडाघडा वाचायचा.

‘उगमवार्ता’. दर शनिवारी. वर्गणी सालीना दोन रुपये,
बहुतेकांची थकलेली.
संपादक, लेखक, शाई घोटणारा, सगळं एकटाच.
लिंग त्याला कधी जमलं नाही.
‘काल गोदावरी चढला’ असं छापलं तेव्हा
अख्खा घाट आठवडाभर हसत होता.
पुढच्या अंकात त्याने लिहिलं,
‘चढला काय, चढली काय,
सरकारी कोठारात भिजलेलं धान्य कुणी विकलं
ते मामलेदारांनी आधी सांगावं.’
मग कुणी हसलं नाही.

दगड एकच.
दर गुरुवारी रात्री वाळू-पाणी घालून
तो मागचा आठवडा घासून काढायचा :
पटकीचे आकडे, लिलाव, हरवलेली म्हैस.
एकदा त्यात दोन ओळी होत्या
स्वतःच्या मुलीच्या.
त्यानंतरचा अंक तीन आठवडे निघालाच नाही.
निघाला तेव्हा खुलासा छापला होता,
वाळू मिळाली नाही.
नदीकाठच्या गावात.

प्रत्येक अंकाची एक प्रत
टपालाने भावाकडे जायची, खाली, नदीच्या मुखाशी.
तिकडे मराठी कुणाला येत नव्हती.

छापखाना बुडाला, दगड तांबटाकडे गेला
एका घंगाळाच्या उधारीत.

परवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात
मी वाकून पाहिला तो.
काही नव्हतं.
असलीच तर एक वेलांटी, पाठमोरी.
‘हंड्याचा ओरखडा असेल,’ बाई म्हणाली,
‘सरका की, नळ जाईल.’