बादलीत घोळलेला समुद्र

लाईट गेली पावणेअकराला.
मे महिना. गच्चीवरचा उकाडा
जिन्यानं पायरी पायरी खाली उतरत होता
आणि टाकीचा काटा एकतीसवर.
बर्फाच्या दोन बाटल्या पाण्यात सोडल्या,
तिसरी स्वतःच्या मानेला लावली.

टाकी डॉक्टर खेरगड्यांची.
दातांचा दवाखाना गोकुळपेठेतून हलला तेव्हा
कूलरच्या थकलेल्या बिलापोटी माझ्या गळ्यात पडली:
चार फूट काच, छिद्राछिद्रांचा एक दगड
आणि पाच गोगलगायी.
मासे त्यांनी नेले.
"ह्यांचं काही नाही, काच चाटत राहतात."

मी समुद्र पाहिलेला नाही.
चाखतो मात्र दर रविवारी.
आरओचं पाणी, वीस लिटरची बादली,
पाकिटातलं मीठ, लाकडी दांडा.
पस्तीस यायला पाहिजे. पस्तीस म्हणजे पस्तीस.
वरणात चुकलं तर
माणूस बोलून तरी दाखवतो.

झिरो माईलच्या ह्या गावातून
कुठल्याही बाजूनं निघा, समुद्र लांबच.
भरती नाही की ओहोटी नाही,
अंबाझरी वाऱ्यानं हलते, तेवढंच.

अडीचला लाईट आली.
पंप घरघरला, निळा दिवा लागला,
पाहतो तर पाचही जणी
पाण्याच्या रेषेला जाऊन टेकलेल्या,
अंग शंखाबाहेर इतकं काढलेलं
की मलाच नजर वळवावीशी वाटली.
एक डोलत होती.
मग तिच्या कडेतून धूर निघाला,
उदबत्तीसारखा बारीक, पांढरा,
फक्त वर न जाता खाली वळणारा.
थांबला. पुन्हा निघाला.
मग दुसरीचा. मग तिसरीचा.

बेबीनंदाला हलवून उठवलं.
"मरून राहिल्या. बर्फानं. मीच मारल्या."
तिनं चष्मा शोधला,
काचेला नाक लावलं.
बावीस वर्षं लेबर वॉर्डात उभी असलेली बाई
बराच वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली,
"मरताना कोणी एवढं वर चढते का जी?
पंप बंद करा आधी. ओढून घेऊन राहिला तो सारं."

पंप थांबला. त्या शांततेत
कोपऱ्यातलीनं, सगळ्यांत लहान,
जिच्या शंखावर शेवाळाची टोपी आहे तिनं
अंग झटकलं, आणि हिरवट दाणे उधळले,
खसखशीहून बारीक. एकदा. परत. परत.
म्हणजे ज्यांना मी आजवर जणी म्हणत होतो
त्यातले तीन तरी जण निघाले.
पाचवी काय होती, कळलं नाही. पाणी तोवर
ताकाच्या निवळीवरून पेजेवर आलं होतं.
दगड दिसेना, पलीकडची भिंत दिसेना.
एक वास आला, तो मला ओळखता आला नाही.
तिला आला असावा. ती खिडकी उघडायला गेली.

"गोगलगाय नि पोटात पाय,"
आई म्हणायची, धाकट्या चुलत्याबद्दल.
पाय ठीक आहेत.
पण हे कुठे ठेवलं होतं?
आणि आजच, असं कोणी सांगितलं?
चंद्र होता अर्धामुर्धा, पण पडदा लावलेला.
दोन बाटल्या बर्फ, एवढ्यावर?

सकाळी निम्मं पाणी काढावं लागलं,
नाहीतर त्याच गुदमरल्या असत्या.
मी बादल्या मोरीत रिकाम्या करत होतो
आणि मनात मोजत होतो:
मोरी नाल्यात, नाला नाग नदीत,
नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला,
पुढे गोदावरी, आणि मग.
"गोड्या पाण्यात दोन मिनिटं नाही टिकत ते,"
डबा भरता भरता ती म्हणाली,
"अन् आपल्या मोरीत तर फिनाईल."
खरं आहे.

आता काच पुसताना
वरची चार बोटं मी सोडून देतो.
तिथे एक ठिपका आहे. मीठही असेल.
बेबीनंदा ड्यूटीवरून आली की
चप्पल न काढता आधी तिकडे जाते,
मोबाईलची बॅटरी लावून वाकते.
"सरकला का जी?" काल म्हणाली.
मला नाही वाटत.
पाकिटात मीठ थोडंच उरलंय.