शिल्लक

मे महिन्यात बोहरी आळीत
माणूस आडवा होऊनच चालतो.
आमच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर मी,
वाळिंबे, खतावणीचा माणूस,
दप्तरं मोजतो. डझनात.

दिवाळीत तो सिनेमा येऊन गेला होता.
एक मुलगा, त्याची आई आणि एक खवलेमांजर.
खवलेमांजर शेवटी मरतं,
मुलाला वाचवताना, घाटात, दगडाखाली.
माझ्या शेजारचं पोर इतकं रडलं
की बापाने उठून दुसऱ्यांदा पॉपकॉर्न आणलं.

माल आला तो असा:
मुलगा साठ डझन.
खवल्या वीस. मेलेल्याला कोण घेणार, हा हिशोब.
आई नाहीच.
आई कंपासपेटीवर छापत नाहीत.

खवल्या चार दिवसांत संपला.
मग त्याच्या बाटल्या, किचेन,
मग नुसती शेपूट, शर्टाला मागून लावायची,
तीसुद्धा.
सासवडचा एक दुकानदार म्हणाला,
मुलगा फुकट दिलात तरी नको, शेपट्या असतील तर बोला.

दर सोमवारी मुंबईहून फोन यायचा.
ईशिता मॅडम. आवाज गोड.
सिनेमा कसा वाटला, हे कधी विचारलं नाही.
काय गेलं, काय राहिलं.
मी सांगायचो, त्या टाइप करायच्या, ऐकू यायचं.
मुस्तनसीरभाई गल्ल्यावरून खुणावायचे,
वाळिंबे, जरा कमी सांगा, पुढच्या खेपेला भाव पाडता येईल.
मी कमी सांगितलं नाही.
तेहेतीस वर्षांत आकडा वाकवला नाही,
याचा मला जरा माजच होता.

जुलैत कळलं, दुसरा भाग येतोय.
खवल्या जिवंत आहे.
दगडाखाली म्हणे पोकळी होती.

ऑगस्टात एक गृहस्थ आले, चष्म्याला दोरी.
काही घेईनात.
टांगलेल्या दप्तरांखाली मान वर करून उभे,
यादीत आपला नंबर शोधावा तसे.
सहकारनगरचे पावगी. सिनेमा त्यांनी लिहिलेला.
म्हणाले, दुसऱ्या भागात आई होती.
मुलगा शाळेत गेला की ती एकटी घाटात जाते, तो दगड बघायला.
बराच वेळ कुणी काही बोलत नाही.
मग माझ्याकडे वळून,
तुम्हीच का ते, आकडे देणारे?

मी चहा मागवला. दुसरं काय करणार.
मला पहिल्या भागातली आई आठवत होती.
डबा भरते, झाकण लागत नाही,
एक पोळी काढते, उभ्यानेच खाते,
आणि झाकण दाबते.
एवढंच. हे त्यांना सांगितलं.
ते कापणार होते, म्हणाले,
आणि बशीत चहा ओतून तसाच ठेवून गेले.

सप्टेंबरात मुलगा, सत्तेचाळीस डझन,
जुन्या बाजारात किलोवर गेला.
मी रेघ मारली.
मग मागणीच्या वहीत,
गिऱ्हाइकाने मागितलेला आणि आपल्याकडे नसलेला माल
जिथे लिहितात तिथे लिहिलं:
आई. नग एक.
सोमवारी फोनवर वाचूनही दाखवलं.
"एकच?"
"एकच."
टाइप करायचा आवाज आला नाही.
मुस्तनसीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं,
मग पंख्याकडे.

परवा सकाळी साडेसातला
दांडेकर पुलाशी, मजूर उभे राहतात तिथे,
एका गवंड्याच्या पाठीवर तो मुलगा दिसला.
रंग उडालेला, हसू तेवढं शाबूत.
थापी बाहेर डोकावत होती, चेन बसत नव्हती.
त्याने दप्तर पुढे घेतलं,
ओळंबा काढून खिशात टाकला,
चेन ओढली,
आणि वाघोलीच्या टेम्पोत चढला.