अर्धा थेंब

पागनीस बाई प्रॅक्टिकलआधी
कोपरापर्यंत हात धुवायच्या.
आम्हाला वाटे, सोवळं.
त्या म्हणत, सकाळी मिरच्या चिरल्यात,
हातांचा काय भरवसा.

लष्करातली शाळा, स्पिरिटचा दिवा,
ब्युरेटची तोटी डाव्या हाती,
उजव्या हातात फ्लास्क; ताक घुसळल्यासारखा नव्हे,
निजलेलं मूल हलवावं तसा.
"आता अर्धा थेंब."
बाई, अर्धा थेंब कसा बनेल?
"बनत नाही गं, होतो."
आधी मराठी, मग रसायन.
टोकाशी लोंबणारा थेंब
पुरा व्हायच्या आत काचेला टेकवायचा.
गुलाबी. आहे की नाही, इतका.
"तीस मोज. टिकला तर खरा."

माझं आलं अठरा पूर्णांक सात.
साऱ्या वर्गाचं अठरा पूर्णांक चार.
मी खोडून चार केलं.
बाईंनी वही खिडकीकडे धरली:
"कुंदे, तुझे सहा थेंब कुठे गेले?"
रागावल्या नाहीत. उत्तराची वाट पाहत
उभ्या राहिल्या, घंटा होऊन गेली तरी.

देव आहे का, असंही विचारलं होतं एकदा.
"मी मोजलाय? नाही ना?
मग आहे लिहू नये, नाही लिहू नये.
रकाना आखावा. रिकामा ठेवावा."
आणि दर गुरुवारी दत्ताला जायच्याच.
शुक्रवारी माझ्यासाठी अर्धा पेढा,
कोऱ्या फिल्टर पेपरात.

एकतीस वर्षं मोतीझीलला
या ग्वाल्हेरचं पाणी तपासलं मी.
तिघऱ्याचं, बोअरचं, बाड्यावरच्या हापशाचं.
साहेब म्हणाले, मॅडम, जरा-सा आँकड़ा सरका दीजिए,
क्या फ़र्क़ पड़ता है.
सहा थेंबांचा पडतो, साहेब.
हे मनात. तोंडाने नुसतं "नहीं".
बदली झाली. दोन वर्षांनी परत आले.

कंपूच्या इस्पितळात बाईंना गिळता येईना.
निरंजनने तांब्याची कुपी काढली,
हरिद्वारची, तोंड डाख लावून बंद,
कोण जाणे किती जुनी.
"ताई, तुम्ही पाण्यातल्या. चालेल ना हे?"
विहिरींवर लाल फुल्या मारणारी मी
उठले, कोपरापर्यंत हात धुऊन आले.
चमच्याच्या कडेला थेंब लोंबला.
पुरा व्हायच्या आत
ओठाला टेकवला.

मग मोजत बसले.
तीसच्या पुढेही.

रात्री घरी वही उघडली.
तारीख, ठिकाण, नमुना.
शेवटचा रकाना पट्टीने नीट आखला,
आणि वही मिटून
कपाळाला लावली.